हे ऐकून माझा आनंद गगनात मावेना: इंग्रजी वाक्यातले जागा चुकलेले मॉडिफायर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मराठी माध्यमातून शिकलो, सहा वर्षं आयटीत आहे. माझ्या इन्सिडेंट रिपोर्टमधल्या दोन वाक्यांवर मॅनेजरनी 'मिसप्लेस्ड मॉडिफायर', म्हणजे वर्णन करणारा भाग चुकीच्या जागी, असा शेरा मारला. पहिलं, 'आफ्टर रीस्टार्टिंग द सर्व्हर, द एरर डिसअपिअर्ड.' दुसरं, 'वुई सेंट द लिस्ट टू द व्हेंडर विच हॅड डुप्लिकेट एन्ट्रीज.' नियम वाचला, पटलाही, पण स्वतःच्या लिखाणात चूक दिसतच नाही. ती ओळखायची कशी?"

चूक दिसत नाही, कारण तुम्ही ते वाक्य लिहिता इंग्रजीत आणि तपासता मराठीत. हे टोमणा म्हणून म्हणत नाही. मी बावीस वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी दुरुस्त करते आहे, यंत्रांची मॅन्युअल्स, करारनामे, प्रबंध, आणि त्यातली पहिली चार-पाच वर्षं मलाही या चुका दिसत नव्हत्या. मराठी डोक्याला त्या अर्थाच्या दृष्टीनं ठीकच वाटतात. खाली इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिली आहेत. ती मोठ्यानं वाचा. ही चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

दोन वाक्यांतल्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत. दुसरी सोपी, म्हणून ती आधी.

'विच हॅड डुप्लिकेट एन्ट्रीज' हे तुम्हाला यादीबद्दल म्हणायचंय. पण ते चिकटलंय व्हेंडरला. आता हेच मराठीत म्हणा: "आम्ही व्हेंडरला यादी पाठवली, जिच्यात दुबार नोंदी होत्या." 'जिच्यात' म्हटल्याबरोबर ती यादी झाली. व्हेंडरबद्दल बोलायचं असतं तर 'ज्याच्याकडे' आलं असतं. किंवा "ज्या यादीत दुबार नोंदी होत्या ती यादी" अशी जोडी बांधता येते, मग मध्ये कितीही शब्द येऊ देत, गाठ सुटत नाही. आपल्याकडे लिंग आहे, वचन आहे, विभक्तीचे प्रत्यय आहेत. इंग्रजीतल्या बिचाऱ्या 'विच'ला यातलं काही नाही. त्याच्याजवळ एकच साधन: शेजार. तो ज्या नामाच्या शेजारी बसेल, त्याचा होऊन जातो.

दुरुस्ती म्हणजे फक्त बसण्याची जागा बदलणं. 'वुई सेंट द व्हेंडर अ लिस्ट विच हॅड डुप्लिकेट एन्ट्रीज.' व्हेंडर आधी, यादी नंतर, आणि यादीला लागून तिचं वर्णन. 'सेंट', 'गेव्ह', 'शोड', 'ऑफर्ड' अशा देण्याघेण्याच्या क्रियापदांना हा मार्ग नेहमी मोकळा असतो आणि आपल्याकडची माणसं तो फारच कमी वापरतात. सगळीकडे 'टू द व्हेंडर', 'टू द क्लायंट' शेवटी टाकायची सवय असते, आणि मग वर्णनाला जागा उरते ती त्याच्याही नंतर.

शाळेत वाक्यपृथक्करण केलेलं आठवतंय? उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार, असे रकाने आखायचे. इंग्रजीतला मॉडिफायर म्हणजे ढोबळमानानं हे विस्तार. कोणता विस्तार कोणाचा, हे रकान्यात टाकताना आपण प्रत्ययावरून ओळखायचो. इंग्रजीत ते जागेवरून ओळखायचं असतं, एवढाच फरक.

आणि मराठीला ही चूक अगदी परकी आहे असंही समजू नका. दुकानावरची पाटी: 'शुद्ध गाईचे तूप'. शुद्ध कोण, गाय की तूप? यावर लोक वर्षानुवर्षं हसत आलेत. पण हसण्यापलीकडे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 'शुद्ध'च्या जागी 'ताजा' घाला. 'उसाचा ताजा रस' म्हणजे रस ताजा. 'ताज्या उसाचा रस' म्हणजे ऊस ताजा. इथे गोंधळ होऊच शकत नाही, कारण 'ताजा'चं 'ताज्या' झालं की त्यानं उसाशी लग्न लावलं. 'शुद्ध', 'लाल', 'सुंदर', 'गरम' ही विशेषणं मात्र बदलत नाहीत. त्यांना प्रत्यय चिकटत नाही, म्हणून तिथे मराठीतही जागा सांभाळावी लागते: 'गाईचे शुद्ध तूप'. इंग्रजीत सगळीच विशेषणं 'शुद्ध'सारखी आहेत. संपूर्ण भाषाच तुपाची पाटी आहे म्हणा ना.

ती नेहमी अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत राजा कर्ता असला तर 'से क्युनिंग' आणि कर्म असला तर 'थोने क्युनिंग' असे वेगळे शब्द लागत. साधारण 1100 ते 1500 या काळात हे प्रत्यय झिजून गेले. 'ही-हिम', 'हू-हूम' असे थोडे अवशेष राहिले. प्रत्ययांचं काम जागेवर आलं, आणि जागेचे नियम कडक झाले.

आता तुमचं पहिलं वाक्य, म्हणजे खरी गोम. 'आफ्टर रीस्टार्टिंग द सर्व्हर' हे ज्या कुणी केलं तो माणूस वाक्यात कुठेच नाही. इंग्रजी वाचक स्वल्पविरामानंतर पहिलं जे नाम येईल त्याच्या गळ्यात ती क्रिया घालतो. पहिलं नाम आहे 'एरर'. म्हणजे एररनं सर्व्हर रीस्टार्ट केला आणि तो अंतर्धान पावला. याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, लोंबकळणारा. ज्याला धरायचं तो वाक्यात नसल्यामुळे तो हवेत लटकतो.

आपल्याकडून ही चूक इतकी का होते, याचं उत्तर मला एका नववीतल्या मुलीच्या निबंधात मिळालं. निकालाच्या दिवसाचं वर्णन होतं: 'हिअरिंग धिस, माय जॉय न्यू नो बाउंड्स.' मी लाल पेन उचललं आणि थांबले. हे तर शब्दशः आपलं "हे ऐकून माझा आनंद गगनात मावेना" आहे, आणि मराठीत त्यात तसूभरही चूक नाही. ऐकलं मी, हे 'माझा' या एका शब्दावरून कळतं. इंग्रजीत मात्र आनंदाला कान फुटले.

मग मी मुलांच्या आणि इंजिनिअरांच्या चुका त्याच नजरेनं पाहायला लागले. "पुण्याला जाताना माझी बॅग हरवली." "घरी आल्यावर मला ताप भरला." "दहा वर्षं काम करून आमचा अनुभव वाढला." तिन्ही मराठी वाक्यं निर्दोष. तिन्हींत माणूस कर्त्याच्या खुर्चीत बसलेला नाही, तो 'माझी', 'मला', 'आमचा' होऊन बाजूला उभा आहे, आणि मराठीला तेवढं पुरतं. ताप, भूक, आनंद, राग, शंका, आठवण हे सगळं आपल्याला 'होतं', 'येतं', 'लागतं'. आपण ते करत नाही. हीच वाक्यं इंग्रजीत नेली की 'व्हाइल गोइंग टू पुणे, माय बॅग वॉज लॉस्ट' होतं आणि बॅग एकटीच पुण्याला निघते.

म्हणून मी शिकवताना जी खूण सांगते ती मराठीतली आहे. मनात आलेल्या मराठी वाक्यात '-ताना', '-ऊन', '-ल्यावर' किंवा 'असल्यामुळे' आहे का? आणि पुढच्या भागात माणूस 'मला', 'माझा', 'आम्हाला', 'आमचं' अशा रूपात आहे का? दोन्ही उत्तरं हो असतील, तर इंग्रजीत जाताना त्या माणसाला आधी खुर्चीत बसवा. 'व्हाइल गोइंग टू पुणे, आय लॉस्ट माय बॅग.' 'हिअरिंग धिस, आय वॉज ओव्हरजॉइड.'

सरकारी वळणाचं मराठी तर याहून धोकादायक, कारण तिथे माणूस बाजूलासुद्धा उभा नसतो. "अहवाल तपासून निर्णय घेण्यात आला." कोणी तपासला? विचारायचं नाही. त्याचं 'आफ्टर रिव्ह्यूइंग द रिपोर्ट, अ डिसिजन वॉज टेकन' झालं की निर्णयच अहवाल वाचत बसतो. नोकरीच्या अर्जातलं नेहमीचं वाक्य याच घराण्यातलं: 'हॅविंग टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स, युअर कंपनी विल बेनिफिट फ्रॉम माय स्किल्स.' दहा वर्षांचा अनुभव कंपनीला, आणि नोकरी मागताय तुम्ही.

दुरुस्तीचे दोन रस्ते. एक वर सांगितला, मुख्य वाक्याचा कर्ता बदलायचा. दुसरा रस्ता, लटकणाऱ्या भागालाच त्याचा कर्ता द्यायचा: 'व्हाइल आय वॉज गोइंग टू पुणे, माय बॅग वॉज स्टोलन.' चोरानं बॅग नेली आणि मुख्य गोष्ट बॅगच असेल, तर हा दुसरा बरा. पण एक तिसरा रस्ता लोक फार हौसेनं घेतात, आणि तो खड्ड्यात जातो. तुकडा उचलून मागे ठेवायचा: 'माय बॅग वॉज स्टोलन व्हाइल गोइंग टू पुणे.' यानं काही सुटत नाही. जाणारी अजून बॅगच आहे. जागा चुकलेला मॉडिफायर हलवून सुधारतो, लोंबकळणारा हलवून सुधारत नाही, त्याला माणूस आणून द्यावा लागतो. तुमच्या मॅनेजरनी दोन्हींना एकच नाव दिलं, त्यामुळे तुमचा गोंधळ वाढला असणार.

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या प्रत्येकाला एक वाक्य भेटलेलं असतं: 'बीइंग अ रेनी डे, वुई स्टेड अ‍ॅट होम.' आपण पावसाळी दिवस नाही, म्हणून उत्तर 'इट बीइंग अ रेनी डे'. परीक्षेत ते लिहा, गुण घ्या. प्रत्यक्षात असं कोणी बोलत नाही. 'अ‍ॅज इट वॉज रेनिंग' म्हणा आणि मोकळे व्हा.

आता 'ओन्ली'. याच्यावर मी जरा रेंगाळणार, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे.

मराठीत आपल्याजवळ 'च' आहे, आणि 'च'सारखा सुबक अवयव इंग्रजीला नाही. मीच दोन पोळ्या खाल्ल्या. मी दोनच पोळ्या खाल्ल्या. मी दोन पोळ्याच खाल्ल्या. मी दोन पोळ्या खाल्ल्याच. चार वाक्यं, चार अर्थ, आणि शब्दांचा क्रम जसाच्या तसा. 'च' शब्दाच्या शेपटीला चिकटतो, म्हणून आपण 'ओन्ली'ही शेपटीला चिकटवतो: 'इन पुणे ओन्ली', 'ही टोल्ड मी ओन्ली'. इंग्रजीत 'ओन्ली' बहुतेक वेळा ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या आधी येतो. ही दोन वळणं एका वाक्यात भेटली की अपघात.

आमच्या सोसायटीच्या फलकासाठी मी एकदा लिहून दिलं होतं: 'रेसिडेंट्स आर रिक्वेस्टेड टू पार्क व्हेइकल्स विथ स्टिकर्स ओन्ली इनसाइड द कंपाउंड.' माझ्या डोक्यात होतं, स्टिकर असलेलीच वाहनं आत लावा. वॉचमननं तसंच वाचलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वाचलं की स्टिकरवाली वाहनं फक्त आतच लावायची, बाहेर रस्त्यावर लावली तर दंड. दोघांचंही वाचन बरोबर होतं. मधल्या 'ओन्ली'चं तोंड दोन्हीकडे होतं. इंग्रजीचे संपादक म्हणून मिरवणाऱ्या बाईंची जी शोभा व्हायची ती झाली. नंतर तिथे 'ओन्ली व्हेइकल्स विथ स्टिकर्स मे बी पार्क्ड इनसाइड द कंपाउंड' असं आलं, आणि त्याच्याखाली काकांनी स्वतः मराठीत लिहिलं, 'स्टिकर असलेलीच वाहने आत लावावीत'. एक 'च', काम फत्ते.

म्हणून माझी पद्धत अशी. 'ओन्ली' लिहायच्या आधी तेच वाक्य मराठीत म्हणून 'च' कुठे पडतो ते ऐकायचं. 'द कंपनी विल ओन्ली पे फॉर रिपेअर्स डन अ‍ॅट इट्स सेंटर.' कंपनी दुरुस्तीचेच पैसे देईल, म्हणजे नवीन भागाचे नाही? की आपल्या केंद्रात केलेल्याच दुरुस्तीचे? दुसरा अर्थ हवा असेल तर 'विल पे फॉर रिपेअर्स ओन्ली इफ दे आर डन अ‍ॅट इट्स सेंटर'. वॉरंटीच्या कागदावर या फरकाला पैशांत किंमत असते. 'ऑलमोस्ट' तसाच: 'ही ऑलमोस्ट लॉस्ट 50,000 रुपीज' म्हणजे पन्नास हजार जाता जाता वाचले, 'ही लॉस्ट ऑलमोस्ट 50,000 रुपीज' म्हणजे गेले, पन्नासाला थोडे कमी. बोलताना मात्र इतकं काटेकोर होऊ नका. 'आय ओन्ली एट टू' असं इंग्रज रोज म्हणतात आणि आवाजाच्या हेलकाव्यानं अर्थ पोचतो. कागदाला हेलकावा नसतो, तेवढ्यापुरतीच काळजी.

दोन्हीकडे तोंड असलेला आणखी एक प्रकार ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतो: 'द अकाउंटंट सेड ऑन मंडे द पेमेंट वुड बी रिलीज्ड.' सोमवारी म्हणाला, की सोमवारी पैसे सुटणार? मराठीत 'की' ही भिंत आपण लिहिताना सहसा पाडत नाही. इंग्रजीत 'दॅट' गाळायची मुभा आहे, आणि ती घेतली की खोल्या एकत्र होतात. 'सेड ऑन मंडे दॅट' किंवा 'सेड दॅट ऑन मंडे', जे हवं ते. 'दॅट' टाकल्यानं वाक्य गावंढळ होतं ही समजूत सोडून द्या.

करारनामे तपासताना सगळ्यात जास्त भीती वाटते ती यादीच्या शेवटी लटकणाऱ्या शब्दांची. 'नोटिसेस, इन्व्हॉइसेस अँड रिपोर्ट्स साइन्ड बाय द डायरेक्टर.' सही फक्त अहवालावर, की तिन्हींवर? हा वाद कुठवर जातो ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा दिसलं. 2016 च्या लॉकहार्ट खटल्यात कायद्यात तीन गुन्ह्यांची यादी होती आणि शेवटी 'इन्व्हॉल्व्हिंग अ मायनर ऑर वॉर्ड', म्हणजे अल्पवयीन किंवा दुसऱ्याच्या ताब्यातल्या व्यक्तीबाबतचा गुन्हा, ही अट. न्यायालयानं 6 विरुद्ध 2 मतांनी ठरवलं की अट फक्त शेवटच्या गुन्ह्याला लागू, आणि त्यामुळे आरोपीला किमान 10 वर्षांची शिक्षा चुकली नाही. 2021 मध्ये फेसबुकच्या खटल्यात प्रश्न 1991 च्या टेलिफोनविषयक कायद्यातल्या शब्दांचा होता: 'टू स्टोअर ऑर प्रोड्यूस टेलिफोन नंबर्स टू बी कॉल्ड, यूझिंग अ रँडम ऑर सीक्वेन्शियल नंबर जनरेटर'. 'यूझिंग'पासूनचा भाग 'प्रोड्यूस'ला की 'स्टोअर'लाही? इथे निकाल उलटा, दोन्हींना, आणि त्या स्वल्पविरामालाही वजन दिलं गेलं. गंमत अशी की दोन्ही निकालपत्रं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचीच. वाक्यांची घडण वेगळी होती, म्हणून निष्कर्ष वेगळे निघाले, पण मसुदा लिहिणाऱ्यानं यातून एवढंच घ्यावं की अट यादीच्या आधी आणता येत असेल तर आणावी, नाहीतर प्रत्येक कलमाला वेगळी ओळ द्यावी.

काय सोडून द्यायचं तेही सांगते, नाहीतर नवा मुल्ला सगळ्यांनाच बांग देत सुटतो. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'जनरली स्पीकिंग' हे शब्द कधीच शब्दयोगी अव्ययांसारखे झालेत, त्यांना कर्ता शोधू नका. 'अ‍ॅज डिस्कस्ड'ला हात लावू नका. प्रयोगशाळेच्या अहवालातलं 'यूझिंग अ व्हर्निअर कॅलिपर, द डायमीटर वॉज मेझर्ड' हे व्याकरणाच्या दृष्टीनं लटकलेलंच आहे, पण शास्त्रीय लेखनात ते इतकं रुळलंय की मी ते बहुतेक वेळा तसंच ठेवते. वाचक एक क्षणही चुकत नसेल तर मी माझी शाई वाचवते.

स्वतःचं लिखाण तपासताना ते लगेच तपासू नका. निदान जेवणानंतर पाहा. मग फाइलमध्ये 'ओन्ली' शोधा, 'विच' शोधा, 'विथ' शोधा, आणि प्रत्येकाच्या डावीकडचा शब्द वाचा. 'ओन्ली'च्या मात्र उजवीकडचाही वाचा. नंतर 'आयएनजी'नं सुरू होणारी वाक्यं आणि 'आफ्टर', 'व्हाइल', 'बाय' यांच्यानंतर 'आयएनजी' आलेली वाक्यं काढा, स्वल्पविरामावर बोट ठेवा आणि त्यापुढच्या पहिल्या नामाला विचारा, हे तू केलंस का? बॅग, एरर, निर्णय, आनंद यांपैकी कोणी उत्तर द्यायला लागलं तर थांबा. सुरुवातीला दहा पानांना तास लागेल. दोन-तीन महिन्यांत बोट ठेवायची गरज उरत नाही.

आता तुमच्या सर्व्हरकडे परत येते. 'आफ्टर रीस्टार्टिंग द सर्व्हर, द एरर डिसअपिअर्ड' हे वाचून कोणाचा गैरसमज होणार नाही, आणि सहकाऱ्याला चॅटवर लिहिलं असतं तर मी ते सोडलं असतं. पण तुम्ही ते इन्सिडेंट रिपोर्टमध्ये लिहिलंय, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो: रीस्टार्ट कोणी केला, आणि कोणाच्या परवानगीनं? वाक्यातून माणूस गळला, तो नेमका उत्तरातला माणूस होता. 'आफ्टर द नाइट शिफ्ट रीस्टार्टेड द सर्व्हर अ‍ॅट 2:40, द एरर डिसअपिअर्ड.' आणि तुम्ही स्वतःच केला असेल, तर 'आफ्टर आय रीस्टार्टेड'.